अण्णा कर्वे यांची कायमची नोकरी

भगिनींनो, आपल्या गावात लग्नाची बोलणी निघाली की मुलाचे शिक्षण विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो. नोकरी कायम आहे ना? मुलगा कॉलेजात शिकवितो असे सांगितले तरी तेवढ्याने कुणाचे समाधान होत नाही. कारण हल्ली कॉलेजात शिकविणारे पुष्कळजण तासिका तत्त्वावर असतात. जितके तास घेतले तितके पैसे, सुटीत काही नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. माझ्या बहिणीची मुलगी अशीच शिकविते. एम. ए. झाली, सेट झाली, तरी दर जून महिन्यात घरातल्या सर्वांचा जीव टांगणीला लागतो. मंडळात बसणाऱ्या आपणापैकी किती जणींच्या घरी हे दुखणे आहे, हे मी सांगावयास नको.

म्हणून स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा ठरला तेव्हा मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र निवडले. अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला, स्त्रियांचे विद्यापीठ काढले, शंभर वर्षांहून अधिक आयुष्य त्यांस लाभले, हे आपण शाळेतच शिकलो. परंतु हे सर्व करणारे अण्णा पोटापाण्यासाठी गणिताचे प्राध्यापक होते, तेही आधी नवखे होते, त्यांनाही एकदा कायम व्हावयाचे होते, आणि कायम झाल्याबरोबर त्यांनी ती नोकरी पणाला लागेल असे कृत्य केले, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. तीच मला सांगावयाची आहे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली या त्यांच्या आजोळी झाला. घर दापोलीजवळ मुरूडचे. वडील केशवपंत थोड्या पगारावर कारकुनी पद्धतीचे काम करीत. घरी गरिबी होती, पण मुलाने शिकावे ही इच्छाही होती. मराठी सहावीची सरकारी परीक्षा तेव्हा जवळपास नव्हती, ती साताऱ्यास होती. मुरूडपासून सातारा शंभराहून अधिक मैल. पावसाळ्याचे दिवस, सह्याद्रीचा घाट, आणि बरोबर दोनचार सोबती. भर पावसात पायी चालत ही मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षेस सतरा वर्षे पुरी लागत. धोंडू अंगाने लहानखुरा. परीक्षा घेणाऱ्या मंडळींनी त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा नाही असे ठरवून त्यास परत पाठविले. वयाचा दाखला जवळ होता, त्याचाही उपयोग झाला नाही. आपल्या मुलाला असे कुणी दारातून परत पाठविले असते तर आपण किती बोटे मोडली असती! धोंडू मुकाट्याने घरी आला, पुढच्या खेपेस कोल्हापूरला जाऊन परीक्षेला बसला व पास झाला.

त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षीच त्यांचे लग्न झाले होते. पत्नीचे नाव राधाबाई. इंग्रजी शिक्षण उशिरा सुरू झाले, त्यामुळे मॅट्रिक होण्यास १८८१ साल उजाडले. तेव्हा अण्णांचे वय तेवीस होते. मग मुंबईस आधी विल्सन व नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १८८४ मध्ये गणित घेऊन ते बी. ए. झाले. त्याच कॉलेजात त्याच वर्षी बी. ए. झालेले एक तरुण गृहस्थ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. ही ओळख पुढे अण्णांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

बी. ए. झाल्यावर अण्णा मुंबईतच राहिले. त्यांना एका जागी पुरा पगार देणारी नोकरी नव्हती. दोनतीन शाळांत थोडे थोडे तास, त्यांत मुलींच्या इंग्रजी शाळाही होत्या, आणि उरलेल्या वेळात खाजगी शिकवण्या. सकाळी अंधारात घर सोडावयाचे आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावयाचे. आज आपली मुले तासिकेवर धावतात, तसेच ते धावत होते असे म्हटले तर चूक होणार नाही. फरक एवढाच की त्या काळी बी. ए. झालेली माणसे थोडी होती, म्हणून तासांना तोटा नव्हता. अशा मिळकतीतूनही ठराविक हिस्सा बाजूला काढून ते मुरूड फंडात टाकीत. गावातील सार्वजनिक कामासाठी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी हा फंड उभा केला होता.

मुंबईच्या त्या बिऱ्हाडात त्यांचे मित्र नरहरपंत जोशी हेही राहत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई देवरुखची. आठव्या वर्षी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत ती विधवा झाली होती. भावाने तिला शिकविण्यासाठी मुंबईस आणले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन काढले तेव्हा तेथे दाखल होणारी पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच होती. राधाबाईंनी हिला आपल्या घरात वावरताना पाहिले होते. पुढे काय घडावयाचे आहे याची त्या दोघींपैकी कुणालाही कल्पना नव्हती.

१८९१ साल अण्णांना फार कठीण गेले. राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ अवघा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी पुण्याहून गोखल्यांचे बोलावणे आले. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास माणूस पाहिजे होता.

ही जागा कशी रिकामी झाली आणि ती कसली जागा होती, हे थोडे समजून घेतले पाहिजे. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक वगैरे मंडळींनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांस मिळाले. आगरकर म्हणजे ज्यांच्या शिक्षणाचा काही काळ आपल्या वऱ्हाडात अकोल्यास गेला तेच. १८८४ मध्ये या मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या संस्थेला कुणी धनी नव्हता. शिकविणारेच ती चालवीत. त्यांना आजीव सभासद म्हणत. आजीव सभासद होणाऱ्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करीन असे वचन द्यावयाचे. पगार सर्वांना सारखा, महिना ७५ रुपये. सरकारी कॉलेजात प्रोफेसराला याच्या कितीतरी पट मिळत असे. नव्या माणसास आपल्यात घ्यावयाचे की नाही, हे आधीचे सभासद मिळून ठरवीत. एकदा घेतले की तो नोकर राहत नसे, त्यांच्या बरोबरीचा होत असे.

आजच्या भाषेत सांगावयाचे तर हेच कायम होणे. परंतु यात एक गोष्ट निराळी आहे. आज आपण म्हणतो, नोकरी कायम झाली, आता कुणी काढू शकत नाही. तेथे संस्था जशी माणसाला बांधलेली तसा माणूसही संस्थेला बांधलेला. बाहेर जास्त पैसे मिळतात म्हणून उठून जाता येत नसे. बाहेरचे काम करून पैसे मिळवावेत की नाही यावरूनही त्या मंडळींत मोठे वाद झाले. टिळकांचे म्हणणे असे होते की आजीव सभासदाने आपला सारा वेळ संस्थेसच द्यावा. हे व असे इतर मतभेद विकोपास जाऊन १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. टिळक गणित शिकवीत. त्यांच्यासारखा बुद्धिमान शिक्षक गेल्यामुळे जी उणीव पडली, तेथे अण्णांना बोलाविण्यात आले.

अण्णांच्या जागी कुणीही दोनदा विचार केला असता. वय तेहेतीस, पदवी बी. ए.ची, कॉलेजात शिकविण्याचा अनुभव नाही, स्वभाव लाजरा, वक्तृत्व नाही, आणि ज्यांच्या खुर्चीवर बसावयाचे ते टिळक. मुंबईत हिंडून फिरून मिळकत बरी होती, आणि येथे ७५ रुपयांवर वीस वर्षे अडकून पडावयाचे. तरी ते १८९१ च्या अखेरीस पुण्यास आले. वर्गात शांतपणे, पायरीपायरीने गणित शिकवू लागले. ज्याला आले नाही त्याला पुन्हा सांगावयाचे, ही त्यांची रीत. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सोसायटीने त्यांना आजीव सभासद करून घेतले. वीस वर्षांचे वचन अण्णांनी दिले आणि ते कायम झाले.

भगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबू. पोराला आईकडून मिळणारी माया गेलेली, पण नोकरी पक्की झालेली. पस्तिशीच्या आतला, बायको वारलेला, पुण्यासारख्या शहरातला प्रोफेसर. अशा माणसाच्या घरी उपवर मुलींचे बाप चकरा मारीत. त्या काळी दहाबारा वर्षांची मुलगी अशा वरास देणे ही नेहमीचीच गोष्ट होती. अण्णांनी होकार दिला असता तर कुणी नावे ठेविली नसती, उलट सर्वांना बरे वाटले असते. घर सावरले असते आणि नोकरीला धक्का लागण्याचा प्रश्नच आला नसता.

अण्णांनी ठरविले की लग्न करावयाचे झाले तर विधवेशीच करावयाचे. आपण विधुर, आपण कुमारिकेशी लग्न करावे आणि त्याच वयाच्या विधवेने जन्मभर कोपऱ्यात बसावे, हा न्याय त्यांना पटला नाही. गोदूबाई तेव्हा शारदा सदनात शिकत होत्या. सदन एव्हाना मुंबईहून पुण्यास आले होते. दोघांच्या संमतीने व गोदूबाईंच्या घरच्यांच्या मान्यतेने ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. घरात व पुढे आश्रमात सर्वजण त्यांना बाया म्हणत.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. कायद्याची भीती नव्हती. भीती होती ती माणसांची. अण्णा नवी पत्नी घेऊन मुरूडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. मुलासुनेला घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकण्याची धमकी होती. ज्या गावासाठी हा मनुष्य मुंबईत तास घेऊन फंडात पैसे टाकीत होता, त्याच गावाने त्याला दार लावले. अण्णांची आई एकीकडे आणि मुलगा एकीकडे अशी ताटातूट झाली. त्या माउलीचे काय झाले असेल, हे पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त कळेल.

पुण्यातही टीका झालीच. आता फर्ग्युसन कॉलेजची गोष्ट पाहा. हे कॉलेज लोकांच्या देणग्यांवर चालत होते. देणगीदारांत जुन्या मताचे लोक पुष्कळ होते. आपल्या मुलांना असल्या मास्तराकडे पाठविणार नाही असे पालकांनी म्हटले असते तर संस्थेचे नुकसान होते. अण्णांना कायम होऊन वर्ष उलटले असेल नसेल. सर्वांत नव्या माणसास दूर करून संस्थेचा बचाव करणे ही जगाची रीत आहे. परंतु सोसायटीने अण्णांना काढले नाही. त्या वेळी प्रिन्सिपॉल आगरकर होते, आणि सुधारणेच्या बाबतीत ते स्वतःच कुणास हार जाणारे नव्हते. गोखलेही होते. अण्णा आपल्या जागी राहिले आणि रोज वर्गात जाऊन गणित शिकवीत राहिले.

मला वाटते कायम नोकरीचा खरा अर्थ येथे दिसतो. महिन्याच्या महिन्याला पगार येतो ही एक गोष्ट झाली. तीही मोठीच आहे, ज्यांच्या घरी येत नाही त्यांना विचारा. परंतु दुसरी गोष्ट अशी की प्रामाणिकपणे केलेल्या, कुणाचे वाईट न करणाऱ्या कृत्यासाठी माणसाच्या तोंडचा घास काढून घ्यावयाचा नाही. अण्णा मुंबईत तासांवर शिकवीत असते आणि तेव्हा हा विवाह केला असता, तर एकेक शाळेने व एकेक शिकवणीवाल्याने निमूटपणे त्यांचे तास बंद केले असते. कुणाला जाब विचारता आला नसता.

विवाहाने अण्णांचे समाधान झाले नाही. १८९३ च्या अखेरीस आपल्या शेजारच्या वर्ध्यास विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली, त्यात अण्णा पुढाकाराने होते. परंतु थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले की पुनर्विवाह करणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या हजारो जणींचे काय? त्यांना लग्नापेक्षा आधी शिक्षण पाहिजे, पायावर उभे राहण्याचे बळ पाहिजे. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम व पुनर्विवाह या दोन गोष्टी त्यांनी जाणूनबुजून अलग ठेविल्या. आश्रमात शिक्षण द्यावयाचे, लग्नाचा प्रचार करावयाचा नाही. त्यामुळे जुन्या मताच्या घरांतूनही विधवा मुली येऊ लागल्या.

१८९७ पासून पुण्यात प्लेगने कहर केला. आश्रम शहराबाहेर नेण्याची गरज पडली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास जमीन दिली आणि १९०० साली तेथे एका झोपडीत आश्रम गेला. हिंगणे पुण्यापासून चार मैल. आपल्या अचलपुराहून परतवाडा जितका दूर, त्याहूनही ते अधिक. रस्ता धड नव्हता, आजूबाजूस वस्ती नव्हती. अण्णा दिवसा कॉलेजात गणित शिकवीत आणि संध्याकाळी किराणा, भाजी, जे लागेल ते घेऊन पायी हिंगण्यास जात. तेथे मुलींना शिकवीत, रात्री राहत आणि सकाळी पुन्हा चालत पुण्यास येऊन कॉलेजात उभे राहत. पावसात ओढ्याला पाणी, चिखल, अंधार. हे एकदोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षे चालले. सुटी लागली की गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करावयाची. कॉलेजचा एक तास मात्र बुडवावयाचा नाही, कारण वीस वर्षांचे वचन त्या नोकरीला दिले होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हा लेख आपण बायका वाचणार आहोत. अण्णांनी कॉलेजला वचन दिले, आश्रमाला आयुष्य दिले, पण घरी बायांच्या हाती काय उरले? ७५ रुपयांत घर, मुले, आलेगेले आणि आश्रमातल्या पोरी. अण्णांनी शिलकीचे पैसे आश्रमास दिले. पुढे आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावाने करून दिली. नवऱ्याच्या मागे मुलांना घेऊन कुठे जावे, हा प्रश्न बायांपुढे उभा राहिला. त्या काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांना राग आला आणि त्यांनी तो बोलूनही दाखविला. आपल्या आत्मचरित्रात, माझे पुराण या पुस्तकात, त्यांनी हे सारे न लपविता लिहिले आहे.

बाया नुसत्या रागावून राहिल्या नाहीत. त्यांनी नागपुरास जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले, आपल्या मिळकतीने संसाराला हात दिला. आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. संसार चालवून, मुले वाढवून त्यांनी हे केले. अण्णांना कायमची नोकरी फर्ग्युसनने दिली हे खरे, परंतु त्या नोकरीवर उभे राहून त्यांना इतके मोठे काम करता आले ते बायांनी घरातला भार उचलला म्हणून. चरित्रे लिहिणारे हे एका ओळीत आटोपतात. आपण तसे करू नये. आपल्या घरातील कर्तबगार माणसाच्या मागेही कुणीतरी अशी उभी असतेच.

अण्णांच्या प्राध्यापकीतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या नात्यातले भाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे त्यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. या हुशार मुलास अण्णांनीच मुरूडला व पुढे पुण्यास शिक्षणाची वाट दाखविली. फर्ग्युसन कॉलेजात तो अण्णांचा विद्यार्थी झाला. पुढे केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत पहिला आला. हिंदी माणसास तो मान पहिल्यांदाच मिळाला. आपण त्यांना रँग्लर परांजपे म्हणून ओळखतो. दुसरा कुणी मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीत गेला असता. परांजपे दिलेल्या शब्दाप्रमाणे सोसायटीत आजीव सभासद म्हणून परत आले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. म्हणजे शिष्य साहेब झाला आणि गुरू त्याच्या हाताखाली आला. अण्णा त्यानंतरही बारा वर्षे त्याच कॉलेजात गणित शिकवीत राहिले. आपल्याकडे धाकट्या जावेला घराच्या किल्ल्या दिल्या तर केवढे महाभारत होते! अण्णांना मोठेपणाच्या जागेची हाव नव्हती. त्यांना फक्त काम करावयास जागा पाहिजे होती.

१९०७ मध्ये त्यांनी महिला विद्यालय काढले, कारण विधवांप्रमाणे इतर मुलींनाही शिकावयास पाहिजे होते. मग अडचण पडली ती कामाला माणसे कुठून आणावयाची याची. तेथे अण्णांना फर्ग्युसनची पद्धत उपयोगी पडली. १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. संस्थेच्या कामास आयुष्य वाहून घेईन असे वचन द्यावयाचे आणि संस्थेने त्या माणसाच्या पोटाची काळजी घ्यावयाची, ही त्यातली कल्पना. आणि येथे वचन देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले त्यांपैकीच. त्याही लहान वयात विधवा झालेल्या, एका मुलाची आई. आश्रमात येऊन शिकल्या, तेथेच काम करू लागल्या, आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी जमविली आणि १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेस गेल्या. ज्या बाईला समाजाने घरातही कायमची जागा दिली नाही, तिला कामाची कायम जागा मिळाली. पुण्याच्या पुरुषांनी एकमेकांसाठी केलेला नियम अण्णांनी बायकांच्या दारापर्यंत आणून सोडला, असे मी म्हणेन.

वीस वर्षांचे वचन १९१२ मध्ये पुरे झाले. अण्णा त्यापुढेही दोन वर्षे राहिले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. वय छप्पन्न. निवृत्त माणसाने पारावर बसावे, नातवंडे खेळवावीत, अशी आपली समजूत. अण्णांचे सर्वांत मोठे काम त्यानंतर सुरू झाले. जपानमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ आहे ही माहिती त्यांच्या वाचनात आली होती. १९१६ मध्ये त्यांनी पुण्यास महिला विद्यापीठ स्थापन केले. कॉलेजच्या पहिल्या वर्गात फक्त पाच मुली होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठास मिळाले. आज आपण एस. एन. डी. टी. म्हणतो ते हेच. पुढेही अण्णा थांबले नाहीत. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले, १९४४ मध्ये समता संघ काढला. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते पुण्यास वारले. बाया त्यांच्या आधी बारा वर्षे, १९५० मध्ये, गेल्या होत्या.

हे सर्व वाचून कुणी म्हणेल की प्राध्यापकाची नोकरी पक्की झाली म्हणजे झाले, माणूस वाटेल ते करण्यास मोकळा. तसे नाही. याच घरातली दुसरी गोष्ट ऐका. अण्णांचे थोरले चिरंजीव, राधाबाईंचे रघुनाथ, हेही गणिताचेच प्राध्यापक झाले. संततिनियमनाविषयी लोकांना उघडपणे सांगावे असे त्यांचे मत होते. त्या काळी हा विषय कुणी तोंडातून काढीत नसे. १९२५ च्या सुमारास ते मुंबईच्या एका कॉलेजात असताना, नोकरी किंवा हा प्रचार यांपैकी एक निवडण्याची पाळी त्यांच्यावर आली. रघुनाथरावांनी नोकरी सोडली. पुढे त्यांचे दिवस फार ओढगस्तीचे गेले. समाजस्वास्थ्य मासिक त्यांनी कोर्टाचे खटले सोसूनही मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, चालविले. वडिलांनी जनरीत मोडली तेव्हा त्यांचे सोबती त्यांच्या पाठीशी राहिले. मुलाने मोडली तेव्हा त्यास तशी साथ लाभली नाही. कागदावरची नोकरी माणसाला किती सांभाळील, ते त्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसांवर अवलंबून असते.

आणि त्याच घरात सून म्हणून आलेल्या इरावतीबाई कर्वे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक झाल्या व मोठ्या विदुषी म्हणून नावाजल्या. ज्या कर्व्यांनी विधवांना अक्षरे शिकविण्यापासून सुरुवात केली, त्यांच्याच सुनेला कॉलेजात कायमची खुर्ची मिळाली. यास अर्धशतकही लागले नाही.

आपल्या अचलपुरात आज मुली कॉलेजात शिकतात, शिकवितातही. त्यांतल्या कित्येक वर्षावर्षाने नेमल्या जातात. त्यांना कायम करणे आपल्या हाती नाही, ते सरकारचे व संस्थांचे काम आहे, आणि त्यांनी ते करावे. आपल्या हाती काय आहे ते मात्र आपण करू शकतो. तासिकेवर शिकविणाऱ्या मुलीला नोकरीच नाही असे समजून लग्नाच्या बाजारात कमी लेखू नये. ती वर्गात शिकविते ते शिकविणे कायमच असते, मुलांच्या डोक्यात ते राहते. आणि आपल्यापैकी कुणाच्या घरी पक्की नोकरी असेल, तर त्या घराने त्या पक्केपणाचा थोडा उपयोग ज्याच्या पायाखाली काही नाही त्याच्यासाठी करावा. एखाद्या मुलीच्या परीक्षेची फी, एखाद्या विधवा शेजारणीचे पेन्शनचे अर्ज, गावाने नावे ठेविलेल्या जोडप्यास हळदीकुंकवाचे बोलावणे. अण्णांना ७५ रुपयांत एवढे करता आले. आपल्या मंडळाने या वर्षी यांपैकी एक तरी काम हाती घ्यावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.